मिठाच्या शहरातली जीटीओ

(डेट्रॉइटचं एक उपनगर. गॅरेजचं दार वर जातं. आत चाकं काढून आधाराच्या लोखंडी घोड्यांवर चढवलेली गाडी.)

निवेदन:
डेट्रॉइटच्या पोटात, हजार फुटांहून खोल, मिठाची खाण आहे. हिवाळ्यात बर्फ वितळावा म्हणून रस्त्यांवर जे मीठ टाकतात, ते अशाच खाणींतलं. ज्या शहरानं जगाला मोटारी दिल्या, त्याच्याच जमिनीखाली पत्रा गंजवणारा, मोटारींचा काळ दडून बसलाय.

काकांना हे कुणी सांगायला नको. पुण्याहून शिकायला आले, इथल्याच वाहन उद्योगात हयात गेली, तीही गंजाच्या प्रयोगशाळेत. ३५ अंश तापमानाची बंद पेटी, आत पाच टक्के मिठाच्या पाण्याचा अखंड फवारा आणि त्यात ठेवलेले पत्र्याचे तुकडे. कोणता लेप किती तास तग धरतो, याच्या नोंदी करता करता ते निवृत्त झाले. आणि निवृत्तीच्या पैशातून घरी काय आणलं, तर गंजकी गाडी! काकू तेव्हा काय म्हणाल्या, ते आम्ही या फिल्ममध्ये घेतलेलं नाही.

गाडी १९६६ ची पॉन्टिअ‍ॅक जीटीओ. मसल कार म्हणजे थोडक्यात मध्यम गाडीत मोठ्या गाडीचं इंजिन. पॉन्टिअ‍ॅक हा जनरल मोटर्सचा ब्रँड होता, आणि जनरल मोटर्समध्ये तेव्हा त्याला मनाई होती: मध्यम गाडीत ३३० घनइंचांच्या वरचं इंजिन बसवायचं नाही. पॉन्टिअ‍ॅकचे मुख्य अभियंता जॉन डीलोरियन आणि त्यांच्या साथीदारांनी १९६४ साली पळवाट काढली. ३८९ घनइंचांचं, म्हणजे जवळपास ६.४ लिटरचं व्ही-८ इंजिन त्यांनी टेम्पेस्ट लेमान्स या मध्यम गाडीवर, जादा पैसे मोजून मिळणारी सोय म्हणून देऊ केलं. गिऱ्हाइकांच्या उड्या पडल्या. १९६६ मध्ये जीटीओ स्वतंत्र मॉडेल झालं आणि त्या वर्षाच्या ९६,९४६ गाड्या बनल्या. काकांची त्यातलीच एक.

३३५ अश्वशक्तीचं इंजिन, पण पत्रा मात्र गंजाला मोकळा. दोन्ही बाजूंनी जस्ताचा मुलामा दिलेला पत्रा गाड्यांना सर्रास लागू लागला तो पुढे, ऐंशीच्या दशकात.

(काका मागच्या चाकाच्या वर लोहचुंबक फिरवतात.)

बाहेरून गाडी बरी दिसत होती. चुंबक दारावर चिकटतो, पुढे सरकतो आणि मागच्या चाकाच्या वर एकदम सुटून हातात येतो. तिथे पत्राच नाही, पुट्टी आहे. भोकात पुट्टी थापायची, वरून झकास रंग मारायचा. जुन्या गाड्यांच्या बाजारात हे चालतंच; डेट्रॉइट काय नि कुर्ला काय.

मागची काच काढल्यावर खरा प्रकार कळला. काचेखालच्या खाचेत वर्षानुवर्षं पाणी साठत होतं, तिथून झिरपून डिकीत उतरत होतं. तळाची चाळण झालेली. त्यात मीठ ओल धरून ठेवतं, त्यामुळे कडक ऊन पडलं तरी पत्र्याच्या घड्या आतून कोरड्या होत नाहीत.

(वेल्डिंगच्या ठिणग्या.)

सडलेला भाग कापून काका नवा पत्रा बसवतात. वेल्डिंग सलग करत नाहीत. एक टाका इथे, दुसरा वीतभर लांब. निवला की नाही ते बघायचं, मगच पुढचा. घाई केली की पत्रा तापून वाकतो आणि रंगाखाली लाटा उठतात.

बिजागऱ्या आणि बारीकसारीक भागांचा गंज विजेनं काढायला कोपऱ्यात प्लास्टिकचा टब आहे. पाण्यात धुण्याचा सोडा. चार्जरची ऋण तार गंजलेल्या बिजागरीला, धन तार भंगार लोखंडाला. थोड्याच वेळात बुडबुडे येतात आणि वर तांबूस फेस धरतो. भंगार म्हणून स्टेनलेस स्टील लावायचं नाही, काका बजावतात. त्यातून विषारी क्रोमियम पाण्यात उतरतं. आणि गॅरेजचं दार उघडं ठेवायचं, कारण ते बुडबुडे पेट घेणाऱ्या हायड्रोजनचे असतात.

खर्चाचं विचाराल तर यात पैसे सुटत नाहीत. तयार गाडी विकत घेतली असती तर स्वस्तात पडली असती, हे काका स्वतःच सांगतात आणि पुन्हा गाडीखाली सरकतात.

(स्टार्टरचा आवाज. इंजिन गडगडतं.)

इंजिनात नवा कॅमशाफ्ट, म्हणजे झडपा उघडणारा-मिटणारा दांडा आहे. असलं जुन्या धाटणीचं इंजिन पहिल्यांदा सुरू झालं की त्याला मंद चालू द्यायचं नसतं. जस्ताचं प्रमाण जास्त असलेलं ऑइल घालायचं आणि वीसेक मिनिटं मिनिटाला दोन हजार फेऱ्यांच्या वर पळवायचं. नाहीतर कॅमशाफ्टचे उंचवटे पहिल्याच दिवशी झिजतात. तेवढा वेळ आख्खी गल्ली दणाणत होती. शेजारी बाहेर आले. तक्रार कसली, फोन काढून शूटिंग करायला.

आता वेध डेट्रॉइटहून निघणाऱ्या वुडवर्ड अव्हेन्यू या रस्त्याचे. १९९५ पासून तिथे ऑगस्टच्या तिसऱ्या शनिवारी जुन्या गाड्यांची मिरवणूक निघते. काकांनी मिशिगनची ऐतिहासिक वाहनाची नंबरप्लेट घेतली आहे. या प्लेटवर गाडी मेळाव्यांना, प्रदर्शनांना नेता येते. एरवीच्या कामांना मात्र फक्त ऑगस्टमध्ये.

“म्हणजे भाजी आणायला अकरा महिने माझीच गाडी,” काकू म्हणतात.