बुडबुड्याला वर कोण ढकलतं?

नमस्कार, श्रोतेहो. ठाण्यात कोपिनेश्वराचं दर्शन घेऊन मासुंदा तलावाच्या काठी जरा टेकलात, तर पाण्याकडे बघत राहा. तळाच्या गाळात पाचोळा कुजतो, त्यातून वायू सुटतो आणि मध्येच एखादा बुडबुडा वर येऊन फुटतो. काल मी बराच वेळ तेच बघत बसले होते.

हवा हलकी म्हणून वर येते, असं आपण सहज म्हणून जातो. पण हलकी असली तरी हवेलाही वजन आहे, पृथ्वी तिलाही खालीच ओढते. मग तिला वर नेतं कोण? पाणी! वरच्या पाण्याचा भार खालच्या पाण्यावर पडतो, म्हणून जितकं खोल जाल तितका दाब वाढतो. बुडबुड्याच्या खालच्या अंगाला वरच्यापेक्षा किंचित जास्त दाब बसतो, आणि तेवढा फरक त्याला वर रेटायला पुरतो. दोन मीटर खालून निघालेला बुडबुडा वर पोचेपर्यंत साधारण एक पंचमांशाने फुगतोसुद्धा, कारण वाटेत त्याच्यावरचा दाब उतरत जातो.

हाच बुडबुडा अंतराळात नेला तर? अंतराळ स्थानक सुमारे ४०० किलोमीटर उंचावर फिरतं. तिथे गुरुत्वाकर्षण नाही, हा समज चुकीचा आहे. जवळपास ९० टक्के शिल्लक असतं. पण स्थानक, माणसं, पाणी, सगळं एकत्रच पडत असतं, त्यामुळे पाण्याचा पाण्यावर भार पडत नाही. मग बुडबुड्याला वर कुठे, खाली कुठे? तो असेल तिथेच राहतो. १९८५ मध्ये अमेरिकेच्या चॅलेंजर यानातून कोला, म्हणजे गॅस भरलेलं पेय, नेऊन पाहिला होता. तिथे माणसाच्या पोटातसुद्धा गॅस आणि पाणी वेगळं होत नाही, ढेकरेबरोबर पाणीही वर येतं.

अंतराळात पाणी उकळणं तर मला सगळ्यात नवलाचं वाटतं. तिथे वाफेचा बुडबुडा तापलेल्या धातूपासून सहज सुटत नाही, शेजारच्यांना गिळून मोठा होत जातो. वाफेतून उष्णता नीट जात नाही, म्हणून धातू भलताच तापू शकतो. यानातली यंत्रं थंड ठेवायची तर याचा विचार करावाच लागतो.

आज चहाचं आधण ठेवाल, तेव्हा भांड्यात डोकावून बघा. आधी तळाला बारीक मणी चिकटतात, ती पाण्यात विरघळलेली हवा. मग वाफेचे बुडबुडे सुटतात आणि वरच्या, कमी तापलेल्या पाण्यात विरून जातात. भांडं सूं सूं करतं, ते तेव्हाच.