मागच्या सीटवरून

(पुण्यातल्या गाडीवेड्यांच्या एका मासिक बैठकीतलं भाषण. शब्दांकन करताना थोडी काटछाट केली आहे.)

नमस्कार मंडळी. मागच्यांना ऐकू येतंय ना? बरं. आज सगळं ऐकू येण्यावरच आहे.

विषय फळ्यावर लिहिलेला दिसतोय, ‘गाडीला बाहेरचा एक्झॉस्ट निवडताना’. म्हणजे इंजिनाचा धूर मागे नेणारा पाइप आणि सायलेन्सर, कंपनीचा काढून बाहेरून बनवून घेतलेला. चाळीस मिनिटं कबूल झाली होती, त्यातली दहा वडापावात गेली. तेव्हा थेट मुद्द्यावर येतो, असं म्हणायची पद्धत आहे म्हणून म्हणतो. (हशा)

माझं म्हणणं एवढंच आहे की एक्झॉस्ट मागच्या सीटवर बसून निवडावा. आपण काय करतो? मोबाइलवर व्हिडिओ बघतो. ते व्हिडिओ कसे काढतात? गाडी न्यूट्रलला, माइक पुंगळीच्या तोंडाशी, आणि आत एक जण ॲक्सिलरेटर दाबतोय. आता मला सांगा, गाडी चालवताना तुम्ही तिच्या मागे उकिडवे बसलेले असता का? तुम्ही आत असता, काचा बंद असतात, आणि टॉप गिअरला ताशी नव्वद-पंचाण्णवने तीन तास जायचं असतं. त्या तीन तासांचा व्हिडिओ कोणी टाकत नाही.

‘पुंगळी’ म्हटल्यावर तिकडे कोणीतरी हसलं. हसा, पण शब्द चांगला आहे. माझ्या लहानपणी आमच्या आळीत एक बुलेट होती. तिचा मालक दर पाडव्याला सायलेन्सरमधली पुंगळी काढायचा आणि गणपतीपर्यंत शेजाऱ्यांच्या शिव्या खाऊन परत बसवायचा. आता पुंगळी काढून फिरणाऱ्यांचे सायलेन्सर पोलीस रस्त्यावर मांडतात आणि वरून रोडरोलर फिरवतात. बातमीत ते फोटो बघितले की मला त्या पोरांपेक्षा त्या स्टीलचं वाईट वाटतं. असो.

तर माझी गोष्ट. भोसरीत माझं फॅब्रिकेशनचं शॉप आहे. तीस वर्षं स्टेनलेसच्या पाइपात गेली, दुधाच्या डेअऱ्यांचे, औषध कंपन्यांचे. आमचे जुने मिस्त्री पाइपात कोरडी वाळू ठासून, दोन्ही तोंडं बंद करून, तापवून वाकवायचे. का? वाकवताना पाइप चेपू नये म्हणून. आज ज्याला मँड्रेल बेंड म्हणून जास्त पैसे घेतात, त्यामागचा विचार तोच. म्हणजे पाइप मला कळतो. तरीही मी फसलो. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा.

गाडी म्हणजे स्कोडाची ऑक्टाव्हिया आरएस. आपल्याकडे 2017 साली आली ती, दोन लिटर टर्बो पेट्रोल, 230 पीएस. मी सेकंडहँड घेतली. पळायला बंदुकीच्या गोळीसारखी, पण आवाज बँकेच्या मॅनेजरसारखा. मला वाटलं, एवढी ताकद आहे तर शेजाऱ्यांना कळायला नको? एका कारागिराकडे गेलो. नाव सांगत नाही, माणूस चांगला आहे आणि अजून माझ्याकडूनच पाइप नेतो. त्याने कॅट-बॅक बनवला. म्हणजे कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, धुरातले विषारी वायू निवळवणारा डबा, त्याच्या मागचं सगळं नवीन, पूर्ण तीन इंची, मधला रेझोनेटर, म्हणजे घुमणं मारणारा डबा, उडवलेला, मागे सरळ आरपार मफलर, म्हणजे सायलेन्सर. सुरू केली आणि माझ्या अंगावर काटा आला. खोटं कशाला बोलू, डोळ्यांत पाणी आलं. बिल नंतर बघितलं.

पुढच्या रविवारी कोल्हापूर, अंबाबाईचं दर्शन. पुढे मी आणि आमची ही, मागे आई. आईला कानाचं मशीन आहे. खंबाटकीचा घाट चढताना दुसरा-तिसरा गिअर, आवाज कड्यावर आपटून परत येतोय, मी राजा! घाट उतरलो, रस्ता मोकळा झाला, क्रूझ कंट्रोल लावला, आणि सुरू झालं. घूंऽऽऽ. हा आवाज कानाला लागत नाही, छातीत आणि दातांत बसतो. स्पीड दहाने वाढवला की जायचा, कमी केला की जायचा, पण सगळी वाहतूक ज्या वेगाने चालली होती नेमका तिथे हजर.

साताऱ्याच्या पुढे आई म्हणाली, “अरे, मघापासून वर विमान आहे का रे?” मी म्हटलं, “असेल.” कऱ्हाडला म्हणाली, “अजून आहे.” त्यानंतर तिने शांतपणे मशीन काढून पर्समध्ये ठेवलं. आणि ही माझ्याकडे न बघता म्हणाली, “त्यांना काढायची सोय तरी आहे.” (हशा)

संध्याकाळी परत येताना खंबाटकीचा बोगदा लागला. तेव्हा जाताना घाट, येताना बोगदा असायचा, तुम्हाला माहीतच आहे. ज्या बोगद्यासाठी मी एवढे पैसे घातले होते, तिथे मी काच खाली केली नाही. पाय उचलला आणि गुपचूप बाहेर पडलो.

आता हे घुमणं येतं कुठून? चार सिलिंडरच्या इंजिनात एका फेऱ्यात दोनदा फायरिंग होतं. माझी गाडी घुमायची 2,250 आरपीएमला. भागिले 60, साडेसदतीस. गुणिले दोन, 75. म्हणजे 75 हर्ट्झचा ठोका. ऑक्टाव्हियाची डिकी आणि केबिन यांच्यामध्ये सीटची पाठ सोडली तर भिंत नाही, त्यामुळे आख्खी गाडी तबल्याच्या डग्ग्यासारखी. आणि डग्ग्याच्या सगळ्यात जवळ बसलेली आई.

उपाय भौतिकशास्त्राच्या पुस्तकातला आहे. मुख्य पाइपाला एक आंधळी फांदी जोडायची, टोकाला बंद. आवाजाची लाट आत जाते, बंद टोकावर आपटून परत येते, आणि फांदीची लांबी लहरलांबीच्या पाव असेल तर परत आलेली लाट समोरून येणाऱ्या लाटेच्या बरोबर उलटी पडते. दोघी एकमेकींना खातात. गणित सोपं. एक्झॉस्टचा वायू गरम, त्यामुळे आवाजाचा वेग नेहमीचा सेकंदाला 340 मीटर न धरता 450 धरला. 450 भागिले 75, सहा मीटर. त्याचा पाव, दीड मीटर.

दीड मीटरचा पाइप बनवला, स्टेपनीच्या खोबणीला वळसा घालून बसवला. फरक पडला, पण घुमणं गेलं नाही, थोडं वर सरकलं. कारण मागे पोहोचेपर्यंत वायू किती गार होतो हे मी अंदाजानेच धरलं होतं. वायू गार, म्हणजे वेग कमी, म्हणजे माझी फांदी जरा लांब. मग टोकाला वेल्डिंग न करता क्लॅम्पवर सरकणारी टोपी लावली आणि आठवडाभर रोज संध्याकाळी देहूरोडपर्यंत जाऊन बोट-दीड बोट कापत आलो. लांब ठेवून कापत या, हे लिहून ठेवा. कापलेला पाइप वाढत नाही. शेवटी दीड मीटरमधले पंधरा सेंटीमीटर गेले. पुढच्या खेपेला आई कऱ्हाडपर्यंत झोपली.

हो, चिठ्ठी मिळाली. पाच मिनिटं? आत्ताशी तर… बरं, पळवतो.

पहिलं. ‘हेडर कुठला लावू?’ असं मला आठवड्यातून एक जण विचारतो. हेडर म्हणजे सगळ्या सिलिंडरांचा धूर एकत्र आणणारा मॅनिफोल्ड, फक्त बाहेरून घेतलेला. आरएसच्या या इंजिनाला हेडर लागतच नाही हो! एक्झॉस्ट मॅनिफोल्ड सिलिंडर हेडमध्येच ओतलेला आहे, भोवती कूलंटचं पाणी फिरतं. तिथे बदलायला काही नाही. आधी आपलं इंजिन कुठलं ते बघा.

दुसरं, ‘थोडं बॅकप्रेशर लागतंच’, म्हणजे बाहेर पडणाऱ्या धुराला थोडा अडथळा हवाच, असं म्हणतात. नाही लागत. टर्बो नसलेल्या इंजिनाला पाइपात वायूचा वेग लागतो, म्हणून फाजील जाड पाइप घातला की खालचा दम जातो. टर्बोच्या मागे जितकं मोकळं तितकं बरं. पण अडीच इंचावरून तीनवर गेलात की वाट 44 टक्के रुंद होते आणि आवाजही. इंजिन मूळ ट्यूनवर असेल तर कॅट-बॅकने पडणारा ताकदीचा फरक तुमच्या बुडाला कळणार नाही. ताकद अडकते डाउनपाइपमध्ये, म्हणजे टर्बोतून निघणाऱ्या पहिल्या पाइपात, आणि तो बदलला की ईसीयूचं, म्हणजे इंजिनाच्या कॉम्प्युटरचं मॅपिंग आलं.

तिसरं, कॅट, म्हणजे तो कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, काढू नका. त्याच्या पुढे एक आणि मागे एक ऑक्सिजन मोजणारा सेन्सर असतो. दोघांचं म्हणणं सारखं आलं, म्हणजे कॅट काम करत नाही, की मीटरवर पिवळा दिवा लागतो. पीयूसीत नापास व्हाल ते वेगळंच. आवाज-प्रदूषणाचे निकष मोडले तर मोटार वाहन कायद्याच्या कलम 190(2) खाली 10,000 रुपयांपर्यंत दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद, प्रसंगी दोन्ही, शिवाय तीन महिने लायसन्स बाद. रोडरोलर फुकट.

चौथं, माल. सगळे ‘304 आहे साहेब’ म्हणतात, म्हणजे चांगल्या प्रतीचं स्टेनलेस. चुंबक लावून बघणारे स्वतःला हुशार समजतात. चुंबकाला 409 प्रतीचं स्टील चिकटतं, ते ओळखू येतं. पण दोनशे सिरीजचा स्वस्त मालही चिकटत नाही, आणि 304 म्हणून खपवतात तो हाच. पाइपवाल्याकडे मॉलीची, म्हणजे स्टील पारखायच्या द्रवाची, बाटली असते, एक थेंब टाकायला सांगा. दोनशे सिरीज तिथल्या तिथे लालसर पडते. वेल्डिंग बाहेरून चमकतं का ते बघू नका, पाइपात बोट घाला. आत आर्गॉन वायू न सोडता वेल्ड केलं असेल तर काळं, खरखरीत, जळक्या साखरेसारखं लागेल. तिथूनच तडकतं.

पाचवं, गाडी लिफ्टवर असताना पाइप छान मधोमध दिसतो. खाली उतरवा, ड्राइव्ह टाका, रिव्हर्स टाका, इंजिन हलतं तेव्हा टोक बंपरला लागतं का बघा. माझ्या बंपरवर वितळल्याची खूण अजून आहे. पाइप ज्यावर टांगतात त्या हँगरचे रबर नवे घ्या. सहावं… सहावं राहू दे, चिठ्ठीवाले उठलेत.

बनवणाऱ्याला एवढंच सांगा की ज्याला हाच पाइप बसवलाय असं एक गिऱ्हाईक दाखव. त्याच्या गाडीत मागे बसा, तुमच्या नेहमीच्या स्पीडला वीस मिनिटं. माझी गाडी खाली उभी आहे. चहा झाला की देहूरोडपर्यंत एक चक्कर मारू, मागे तिघे बसतील. पुढच्या सीटसाठी भांडू नका, तिथे काही ऐकू येत नाही.