'विद्यार्थी' या शब्दाची लांबी किती?

[पडद्यावर एकच शब्द: विद्यार्थी]

या शब्दाची लांबी गो या प्रोग्रामिंग भाषेतल्या 'लेन'ला विचारली तर उत्तर येतं ३०. पायथन ३ सांगतो १०, जावास्क्रिप्टही १०. वाचता येणारं कुठलंही मूल सांगेल ३: वि, द्या, र्थी.

यातलं एकही उत्तर चूक नाही. प्रत्येक जण वेगळीच गोष्ट मोजतोय, आणि नेमकी कोणती, हे सहसा कोणी विचारत नाही.

आधी १० पाहू. युनिकोड म्हणजे लिप्यांमधल्या चिन्हांना क्रमांक देणारं मानक. त्याच्या हिशेबात हा शब्द म्हणजे व, ऱ्हस्व वेलांटी, द, हलन्त, य, काना, र, पुन्हा हलन्त, थ आणि दीर्घ वेलांटी. प्रत्येकाला स्वतंत्र क्रमांक आहे. तोच कोड पॉइंट. पायथन ३ हे कोड पॉइंट मोजतो.

गो बाइट, म्हणजे ८ बिटांचे तुकडे, मोजते; रस्ट भाषेतला 'लेन'सुद्धा. केन थॉम्प्सन आणि रॉब पाइक यांनी १९९२ मध्ये आखलेल्या यूटीएफ-८ मध्ये, म्हणजे कोड पॉइंट बाइटांत लिहिण्याच्या पद्धतीत, साध्या रोमन अक्षराला १ बाइट पुरतो, देवनागरीच्या प्रत्येक कोड पॉइंटला ३ लागतात. दहा त्रिक तीस.

जावा आणि जावास्क्रिप्टचं माप तिसरंच: १६ बिटांचे तुकडे. देवनागरी चिन्ह एका तुकड्यात मावतं, म्हणून आकडा पायथनशी जुळतो आणि आपण निर्धास्त होतो. शब्दापुढे साधा हसरा चेहरा लावा. पायथन ११ म्हणेल, जावास्क्रिप्ट १२, कारण त्या चेहऱ्याला दोन तुकडे लागतात.

उरलं ३. डोळ्यांना एक अक्षर म्हणून जे दिसतं, त्याला युनिकोडमध्ये ग्राफीम क्लस्टर म्हणतात. इथे एक गंमत आहे. २०२३ मध्ये युनिकोड १५.१ येईपर्यंतचे नियम जोडाक्षर हलन्तापाशी तोडत असत: वि, द्, या, र्, थी. म्हणजे ५. जोडाक्षर अखंड ठेवण्याचा नियम १५.१ मध्ये आला. एका यंत्रावर ५ आणि दुसऱ्यावर ३ येत असतील, तर स्वतःचा कोड उसवण्याआधी लायब्ररीची आवृत्ती पाहा.

मजकूर दाखवण्यासाठी कापायचा असेल तर ग्राफीमवरच कापावा. जावास्क्रिप्टमध्ये 'इंटल'मधला 'सेगमेंटर' आहे. पायथनमध्ये 'रेगेक्स' हे मॉड्यूल वेगळं बसवून बॅकस्लॅश आणि मोठा एक्स हा एक ग्राफीम पकडणारा नमुना वापरायचा. नुसतं 'स्लाइस' करून पहिले ४ घेतले तर हाती 'विद्' उरतं. पायथनच्या अंगच्या 'आरई' मॉड्यूलवर तर विसंबूच नका: त्यातला शब्दातली अक्षरं पकडणारा बॅकस्लॅश-डब्ल्यू मात्रांना अक्षर मानत नाही आणि आपल्या शब्दाचे व, द, य, र, थ असे पाच तुकडे करतो.

[दृश्य: डेटाबेसमधली एरर]

डेटाबेसमध्ये हाच घोळ महागात पडतो. ओरॅकलमध्ये व्हारकॅर२ कॉलमला २० लिहिलं, तर मूळ सेटिंगनुसार ते २० बाइट असतात. ३० बाइटांचा शब्द मावत नाही आणि ओआरए-१२८९९ ही एरर येते. वीसपुढे 'कॅर' लिहिलं की कोड पॉइंट मोजले जातात. मायएसक्यूएलमधला 'यूटीएफ८' नावापुरताच. एका चिन्हाला ३ बाइटांहून जास्त जागा तो देत नाही. मराठी मजकूर सुखाने बसतो, म्हणून दोष दिसत नाही. मग कोणीतरी इमोजी टाकतं, त्याला ४ बाइट हवे असतात. टेबल आणि कनेक्शन दोन्ही 'यूटीएफ८एमबी४' करावी लागतात; एकच बदलून भागत नाही. एसक्यूएल सर्व्हरमध्ये मराठीच्या जागी प्रश्नचिन्हं उमटली, तर कॉलम एनव्हारकॅर आहे का आणि अवतरणाआधी मोठा एन लावलाय का, हे तपासा.

फाइल वाचताना विंडोजवर पायथन हमखास अडतो: '८डी' हा बाइट वाचता येत नाही. हा बाइट हलन्ताचा. यूटीएफ-८ मध्ये हलन्त म्हणजे ई०, ए५, ८डी. आणि विंडोजच्या १२५२ या जुन्या कोडपेजमध्ये, म्हणजे बाइट आणि अक्षरांच्या तक्त्यात, ८डीची जागा रिकामी आहे. 'ओपन'ला एन्कोडिंग म्हणून यूटीएफ-८ सांगितलं की प्रश्न मिटतो. एक्सेलसाठी सीएसव्ही लिहिताना मात्र 'यूटीएफ-८-सिग' द्या, म्हणजे सुरुवातीला तीन बाइटांची खूण पडते आणि एक्सेल फाइल ओळखतं.

[दृश्य: शोधपट्टीत 'दुसऱ्या', खाली शून्य निकाल]

शब्द समोर दिसतोय, पण शोध रिकामा. 'ऱ्या' तीन प्रकारे लिहिता येतो: थेट ऱ वापरून, र आणि नुक्ता (खालचा टिंब) जोडून, किंवा र, हलन्त आणि न दिसणारा झिरो विड्थ जॉइनर घालून. पहिल्या प्रकारात 'दुसऱ्या'चे कोड पॉइंट ७, बाकी दोन्हींत ८. 'एनएफसी' नॉर्मलायझेशन, म्हणजे एकाच अक्षराची वेगवेगळी रूपं एकसारखी करण्याची युनिकोडची रीत, नुक्त्याचा प्रकार पहिल्यात बदलतं. जॉइनरला हात लावत नाही. नुसता जॉइनर पुसून टाकला तर रफार होऊन 'दुसर्या' असं चुकीचं रूप तयार होतं. त्याऐवजी र, हलन्त आणि जॉइनर ही तिन्ही चिन्हं एकत्र शोधा आणि तिथे ऱ आणि हलन्त घाला. हे साठवतानाही करायचं आणि शोधतानाही. शिवाय आधीपासून साठलेल्या नोंदींवर एकदा फिरवायचं.