हीण आणि हिणवणे

श्रोतेहो, नमस्कार.

आपल्या इंदुरातल्या मराठी घरांतली मुले सुटीत पुण्या-मुंबईच्या नातेवाइकांकडे जातात, आणि 'मी जेवून राहिलो आहे' असे सहज तोंडून गेले की तिथली भावंडे हसतात. घरी परतल्यावर मूल आईला सांगते, 'मला हिणवलं.' कोणी रागावले नाही, मारले नाही, तरी ते मुलाला लागलेले असते. या क्रियापदाविषयी मला आज बोलायचे आहे.

त्याच्या मुळाशी संस्कृतातला 'हा' हा धातू आहे. त्याचा अर्थ सोडणे, टाकणे. त्याला 'त' हा प्रत्यय लागताना 'त'चा 'न' होतो आणि 'हीन' हे रूप सिद्ध होते. म्हणजे हीन हा मुळात कमी प्रतीचा नव्हे, तर सोडून दिलेला. बलहीन म्हणजे ज्याला बळ सोडून गेले तो. 'हानी'ही याच धातूची. टाकलेल्याची किंमत घटते, म्हणून हलकेपणाचा अर्थ त्याला मागाहून चिकटला असावा. चोखोबांच्या अभंगात 'हीन याती' हे शब्द येतात, आणि लगेच लोक आपल्याला दूर हो म्हणतात ही व्यथा येते, तेव्हा शब्दाचा तो जुना अर्थ काळीज चिरत जातो.

मराठीत 'न'चा 'ण' झाला आणि 'हीण' सोनाराच्या दुकानात जाऊन बसले. सोन्याचांदीत मिसळलेला हलका धातू म्हणजे हीण, आणि कसोटीवर कमी उतरलेले सोने हिणकस. 'पीठ'चे 'पिठाचा' होते तशी इथली ईही ऱ्हस्व झाली आणि 'हिणवणे' तयार झाले. 'नमवणे' याहून वेगळे आहे: नमवायला समोरचा बलवान लागतो, आणि नमला तरी त्याचे मोल तेवढेच राहते. हिणवणारा मात्र मोलालाच हात घालतो. हीण समोरच्यात सापडलेले नसते, बोलणाऱ्याने ते त्याच्यात घातलेले असते, असे मला वाटते.

आपल्या सराफ्यात रात्री खवय्यांची गर्दी असली तरी दिवसा तिथे सोन्याचा व्यवहार चालतो. शुद्ध सोने मऊ असते, म्हणून 22 कॅरेटच्या दागिन्यात 24 भागांपैकी 2 भाग तांबे, चांदी असे इतर धातू असतात. अशा दागिन्यावर 916 हा आकडा उमटवतात, म्हणजे हजारात 916 भाग सोने, आणि तो कोणी हिणकस म्हणून परत करीत नाही. होळकरांच्या काळापासून हिंदी आणि माळवीच्या शेजारी नांदलेल्या आपल्या मराठीत 'राहिलो आहे' असेच मिसळले आहे. पुढच्या सुटीत आपल्या मुलाला पुन्हा कोणी हसले, तर हा 916चा हिशेब त्याच्याजवळ असावा, एवढ्यासाठी आजचे हे बोलणे.

नमस्कार.