हप्ता वेळेवर भरलेली बेवारस नाव

मंडळी, आधी हात वर करा बघू. कुणाकुणाची स्वतःची शिडाची नाव आहे? सात जण. वा! आता यंदा ज्यांची नाव एकदा तरी मरिनाबाहेर, म्हणजे नावा भाड्यानं बांधून ठेवायच्या बंदराबाहेर गेली, त्यांनीच हात वर ठेवा. तीन राहिले. जे चार खाली गेले त्यांच्याशी मला बोलायचंय. रागावून नाही, जिव्हाळ्यानं.

सॅन फ्रान्सिस्को बेच्या कुठल्याही मरिनात आठवड्यातल्या कामाच्या दिवशी जा. शिडावरच्या निळ्या कापडाच्या चिंध्या झालेल्या, दोरांवर हिरवं शेवाळ, तळाला शिंपल्यांचा जाड थर. माझ्या शेजारच्या स्लिपमध्ये, म्हणजे एक नाव बांधायच्या जागेत, अशीच एक कॅटालिना २७ जातीची शिडाची नाव होती. १९७१पासून या मॉडेलच्या सहा हजारांवर नावा बनल्या. साध्या नोकरदाराला शिडाची नाव परवडू लागली ती अशाच नावांमुळे, म्हणून माझा तिच्यावर जीव.

अकरा वर्षांत तिच्या मालकांना मी दोनदा पाहिलं. दुसऱ्या वेळी ते कॉकपिटमध्ये, म्हणजे सुकाणूपाशी बसायच्या उघड्या खोलगट जागेत, तासभर नुसते बसून राहिले. शिडाच्या कापडाला हातही लावला नाही. जाताना म्हणाले, "पुढच्या उन्हाळ्यात बाहेर काढतो." नंतर ते कधी आले नाहीत.

वारा सुटला की तिची शीड चढवायची दोरी ॲल्युमिनियमच्या डोलकाठीवर आपटायची. टण, टण, टण, रात्रभर. एका संध्याकाळी मी चढलो आणि ती दोरी बाजूच्या तारेला बांधून टाकली. न विचारता दुसऱ्याच्या नावेवर पाय ठेवायचा नाही, असा आमच्या डॉकवरचा रिवाज आहे. तो मी मोडला आणि पुन्हा मोडेन. कारण वर गेल्यावर दिसलं, कॉकपिटच्या तळाशी पाणी निचरायची जी दोन भोकं असतात ती पानं, पिसं, चिखलानं बुजलेली. तारेनं मोकळी केली. किनाऱ्यावरून वीज आणणाऱ्या वायरचा प्लग काळा पडलेला, म्हणजे बॅटरी मेलेली, म्हणजे आतलं पाणी उपसणारा पंपही गेलेला. मरिनाच्या ऑफिसात तीनदा जाऊन सांगितलं. तिन्ही वेळा उत्तर एकच: "त्यांचं खातं चालू आहे." भाडं दर महिन्याला बँकेतून आपोआप येत होतं ना!

मग पुतण्याच्या लग्नाला मी दोन महिने देवगडला गेलो. इकडे जानेवारीचा पाऊस. कॉकपिट भरलं, पाणी उंबरठ्यावरून केबिनमध्ये उतरलं. परत येऊन बघतो तर स्लिपमध्ये फक्त तिरकी डोलकाठी पाण्याबाहेर, आणि तिच्या तारेला मी मारलेली गाठ. गाठ सुटली नव्हती. नाव भर समुद्रात बुडते असं आपल्याला वाटतं. विमावाल्यांना विचारा, धक्क्याला बांधलेल्या जागीच जास्त बुडतात.

कायद्यानं ती बेवारस ठरली ती पुढे भाडं थांबल्यावर. माझ्या लेखी ती बेवारस झाली ते गृहस्थ तासभर बसून उठले त्या दिवशी.

आमच्याकडे कोकणात पावसाळ्याआधी होड्या किनाऱ्यावर ओढायच्या, झापांनी शाकारायच्या, नारळी पौर्णिमेला पुन्हा पाण्यात. वर्षातून एकदा तरी तळापासून नाव बघितली जायची. आणि नाव थकली की? आजोबांच्या मचव्याच्या फळ्यांचं गोठ्याला दार झालं, खिळे ठोकून सरळ केले, उरलेलं चुलीत गेलं. आजीनं त्या दिवशी नारळ फोडला होता, हे मला अजून आठवतं. तो नारळ...

अध्यक्षांची चिठ्ठी आली, पाच मिनिटं उरलीत. जे सांगायला आलो ते आता भराभर सांगतो.

फायबरग्लासची नाव कुजत नाही, चुलीतही जात नाही. काचेचे धागे आणि पॉलिस्टर रेझिन एकदा घट्ट बसले की वितळवून पुन्हा वापरता येत नाहीत. तळातलं शिसं विकतं, कॅटालिना २७मध्ये ते २,७०० पाउंड असतं. डोलकाठीचं ॲल्युमिनियमही विकतं. बाकी सगळं यंत्रानं चिरडून कचऱ्याच्या डेपोत, आणि तो खर्च जुन्या नावेच्या किमतीपेक्षा मोठा. म्हणून लोक ती एका डॉलरला कुणाच्यातरी गळ्यात मारतात. अशा किती नावा सॉसालिटोजवळ रिचर्डसन बेमध्ये नांगरून पडल्या! नांगराची साखळी गोल फिरत तळाचं सागरी गवत खरवडते, आणि त्याच गवतावर हेरिंग मासा अंडी घालतो.

फ्रान्सनं वाट काढली आहे. २०१९पासून तिथे नवी नाव बाजारात आणणाऱ्याकडूनच मोडणीच्या निधीचे पैसे घेतात. जुनी नाव मोडून मिळते फुकट, मालकानं फक्त केंद्रापर्यंत वाहून न्यायची. हेच इथे हवं. नावेच्या शेवटाचे पैसे तिच्या पहिल्या विक्रीतच घ्या. आणि मरिनांनी खातं बघणं सोडून नाव बघावी: वर्षातून एकदा प्रत्येक नाव आपल्या बळावर स्लिपबाहेर जाऊन परत आली पाहिजे.

तोवर, त्या चार हातांसाठी. नको झालेली नाव कॅलिफोर्नियात स्थानिक यंत्रणेकडे स्वतःहून जमा करता येते, त्यासाठी राज्याचा निधी आहे. पण बुडण्याआधी. अर्ज कसा करायचा ते मला माहीत आहे, चहाच्या टेबलापाशी थांबतो. आणि ज्यांना ठेवायची आहे, त्यांनी या शनिवारी जाऊन ती दोन भोकं तेवढी बघा. पाऊस पंधरा दिवसांवर आलाय.