ईरी सरोवराच्या तळाशी ऑगस्टमध्ये ऑक्सिजन का संपतो?

नमस्कार मंडळी!

[स्क्रीनवर नकाशा]

हे ईरी सरोवर. अमेरिका आणि कॅनडाच्या सीमेवरचं. पसारा जवळजवळ 25,700 चौरस किलोमीटरचा, पण सरासरी खोली जेमतेम 19 मीटर. उन्हाळा सरता सरता याच्या मधल्या भागात तळाजवळचा ऑक्सिजन लिटरमागे 2 मिलिग्रॅमच्याही खाली जातो. वर बोटी मजेत फिरत असतात आणि खाली मासे टिकत नाहीत.

वसंतात वारा सगळं पाणी वरपासून खालपर्यंत ढवळतो. मग ऊन वाढतं, वरचं पाणी तापून हलकं होतं आणि थंड, जड पाणी खाली अडकतं. दोन्ही थर मिसळेनासे होतात, त्यामुळे हवेतला ऑक्सिजन खाली पोचतच नाही.

आता गंमत बघा. पश्चिमेचा भाग इतका उथळ, की वारा तो सहसा तळापर्यंत घुसळून काढतो. पूर्वेचा भाग 64 मीटरपर्यंत खोल, तिथे थंड पाण्याचा साठाच मोठा. मधल्या भागात मात्र थंड थर काही मीटरांचाच. मेलेलं शेवाळ त्यात पडतं, जिवाणू ते कुजवतात आणि तेवढासा ऑक्सिजन बघता बघता फस्त करतात.

मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते यानंतरचं. ऑक्सिजन संपला तरी जिवाणू थांबत नाहीत. ते ऑक्सिजनच्या जागी नायट्रेट वापरतात, मग मँगनीज, मग लोह. गाळातलं लोह म्हणजे एका अर्थी गंजच, आणि हा गंज फॉस्फेटला, म्हणजे शेवाळाचं खत असलेल्या फॉस्फरसच्या संयुगाला, धरून ठेवतो. ऑक्सिजन गेला की लोह विरघळतं आणि फॉस्फेट मोकळं होतं. इंग्लंडच्या लेक डिस्ट्रिक्टमध्ये क्लिफर्ड मॉर्टिमर यांनी 1941-42 मध्ये हे नीट मांडून दाखवलं.

[क्लोज-अप: तळाच्या पाण्याची बाटली]

असं पाणी वर काढलं की आधी नितळ दिसतं. बाटली उघडी ठेवा, थोड्या वेळात ते पिवळट-तांबूस व्हायला लागतं. हवा लागली, की विरघळलेल्या लोहाचा परत गंज होतो!

म्हणजे गाळात साठलेला फॉस्फरस परत पाण्यात येतो, त्यावर पुन्हा शेवाळ पोसतं आणि कुजायला पुन्हा माल तयार.

याची झळ नळापर्यंत पोचते. क्लीव्हलंड शहर याच मधल्या भागातून पाणी उचलतं. वाऱ्याने तळाचं पाणी किनाऱ्याकडे ढकललं, तर त्यासोबत मँगनीज येतं आणि नीट काढलं नाही तर पाणी रंगीत होतं. म्हणून नोआ ही अमेरिकी सरकारी संस्था जलशुद्धीकरण केंद्रांसाठी कमी ऑक्सिजनच्या पाण्याचा अंदाज देते.

एवढ्या सरोवरात ऑक्सिजन सोडत बसणं मला व्यवहार्य वाटत नाही. बाहेरून येणारा फॉस्फरसच तोडायला हवा. या सरोवरांच्या पाण्याच्या दर्जासाठी अमेरिका आणि कॅनडाने केलेल्या 1972 च्या करारानंतर दोन्ही देशांनी सांडपाण्यातून येणारा फॉस्फरस बराच कमी केला आणि फरकही पडला. पण 1990 च्या दशकाच्या मध्यापासून शेतांतून, विशेषतः सरोवराच्या पश्चिम टोकाला येऊन मिळणाऱ्या मॉमी नदीतून, विरघळलेला फॉस्फरस पुन्हा वाढला. 2016 मध्ये दोन्ही देशांनी 2008 च्या तुलनेत 40 टक्के कपातीचं लक्ष्य ठरवलं. त्यातलं मोठं काम शेतातच आहे. खत जमिनीवर नुसतं फेकायचं नाही, मातीत घालायचं, आणि जोराच्या पावसाच्या तोंडावर तर टाकायचंच नाही.