आईची अंगठी आणि कोळशातला पारा

श्रोतेहो, नमस्कार.

मी सातवीत होतो. घरातला थर्मामीटर फुटला आणि पाऱ्याचे मणी फरशीभर घरंगळले. आईनं ते हातानंच कागदावर गोळा केले. संध्याकाळी बघते तर बोटातली अंगठी पांढरीफटक! लग्नातली अंगठी, आईच्या डोळ्यांत पाणीच आलं. दुसऱ्या दिवशी आम्ही गुजरीत. सोनारकाका म्हणाले, "वहिनी, सोनं कुठं गेलं नाही. वर पारा बसलाय. पोराला घेऊन लांब थांबा." तोंडाला फडकं बांधून त्यांनी मागच्या उघड्या अंगणात अंगठीला जाळ दिला. धूर नाही, वास नाही, आणि अंगठी हळूहळू पिवळी झाली. मी विचारलं, "काका, पारा कुठं गेला?" त्यांनी आभाळाकडे बोट केलं. "वर गेला. पण कुठंतरी खाली येणारच की तो." असल्या कारागिरांना शाळेत बोलवून शिकवायला लावलं पाहिजे, असं मला आजही मनापासून वाटतं.

औष्णिक वीज केंद्रात हेच होतं. टनभर कोळशात पारा ग्रॅमच्या दहाव्या भागाइतका, पण कोळसा रोज हजारो टन जळतो. भट्टीत सगळा पारा वाफ होतो. पुढं त्याचं काय होणार, हे कोळशात आणखी काय आहे त्यावर ठरतं. क्लोरीन भरपूर असेल, तर धूर निवताना पारा त्याच्याशी जुळतो, पाण्यात विरघळतो, आणि धूर पाण्यानं धुणाऱ्या यंत्रात अडकतो. क्लोरीन कमी असेल, तर पारा सुटाच राहतो. सुटा पारा पाण्यात विरघळत नाही, चिमणीतून निघून जातो आणि महिनोन् महिने हवेत फिरतो. पुन्हा सांगतो: क्लोरीनशी जुळलेला पारा अडकतो, सुटा पारा निसटतो. आपल्या देशातल्या कोळशात राख भरपूर, क्लोरीन कमी. राखेत न जळलेला कोळसा राहिला, तर तोही थोडा पारा धरून ठेवतो.

डिसेंबर २०१५ मध्ये केंद्र सरकारनं वीज केंद्रांच्या धुरातल्या पाऱ्याला घनमीटरमागे ०.०३ मिलिग्रॅमची मर्यादा घातली. पण माझं म्हणणं, नुसती चिमणी मोजू नका, आत कुठला कोळसा पडतोय तेही विचारा.

आणि घरात थर्मामीटर फुटलाच, तर आधी अंगठ्या-बांगड्या काढा, खिडक्या उघडा. केरसुणी लावू नका, मणी आणखी पसरतात. जाड कागदानं गोळा करून बाटलीत घट्ट बंद करा. जाळाजवळ तर अजिबात नेऊ नका.